अर्ध्या पट्टीची चूक

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलेत तर मी तुम्हाला दिसणारच नाही. माझ्याखालचे टेबल दिसेल, त्यावरचा कागद दिसेल, कागदावरची अक्षरेही वाचता येतील. मी एक जुनी काच आहे. गोल, बशीएवढी रुंद, अंगठ्याएवढी जाड आणि वजनाला किलोभर. माझ्या अंगावर नक्षी नाही, रंग नाही. मी भिंगही नाही, त्यामुळे माझ्यातून लहान वस्तू मोठी दिसत नाही. माझ्या अंगी एकच गुण आहे, असे सगळे मानत आले. माझा एक पृष्ठभाग सपाट आहे. तुमच्या घरातल्या आरशापेक्षा कितीतरी पटींनी सपाट.

मावळात औंढे गावाच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. पूर्वी तिथे कोंबड्या पाळत, आता काचा घासतात. त्या शेडमधल्या एका लाकडी पेटीत मी राहते. तिथली माणसे मला ‘आत्याबाई’ म्हणतात. लग्नघरातली आत्या जशी येणाऱ्या-जाणाऱ्यात खोड काढते, तशी मी समोर येणाऱ्या प्रत्येक काचेत खोड काढते, म्हणून हे नाव. मला इथे आणणारी इंजिनीअर म्हणजे शहनाज तांबोळी. तिची आणि माझी हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती मी गाळणार नाही.

माझा जन्म सुमारे चाळीस वर्षांपूर्वी परदेशातल्या एका कारखान्यात झाला. अतिशय शुद्ध वाळू वितळवून माझा गोळा बनवला, कापला आणि घासला. आम्ही तिघी बहिणी एकाच वेळी घडलो. त्यामागे कारण होते. दोन काचा एकमेकींवर घासत राहिले, तर एक किंचित फुगीर होते आणि दुसरी तेवढीच खोलगट. मग त्या एकमेकींवर अगदी चपखल बसतात आणि बघणाऱ्याला वाटते, दोघीही सपाट आहेत. तिसरी आली की हे संगनमत उघडे पडते. कारण फुगीर काच खोलगटवर बसेल, पण दुसऱ्या फुगीर काचेवर बसणार नाही. म्हणून पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी अशी आमची पुन्हा पुन्हा गाठ घालून देत. तिन्ही जोड्या जुळल्या तेव्हाच आम्हाला सपाट म्हटले गेले. त्यानंतर आम्हाला तीन वेगवेगळ्या पेट्यांत ठेवले. बहिणींची आणि माझी भेट पुन्हा झाली नाही.

माझे काम समजायला सोपे आहे. एखादी नवी काच माझ्यावर ठेवतात. आमच्या दोघींमध्ये हवेचा अतिशय पातळ थर राहतो. वरून पिवळा दिवा लावला की काळ्या आणि पिवळ्या पट्ट्या दिसू लागतात. पट्ट्या सरळ असतील तर नवी काच सपाट आहे. पट्ट्या वाकल्या तर ती फुगीर किंवा खोलगट आहे. किती वाकल्या, यावरून चूक मोजता येते. एक पट्टी म्हणजे किती, असे विचाराल तर तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा सुमारे अडीचशे पट्ट्या मावतील. आमच्या शेडजवळून द्रुतगती मार्ग जातो. तिथून कंटेनर गेला की माझ्यावरच्या पट्ट्या थरथरतात. तो गेला की त्या पुन्हा जागेवर येतात.

शहनाज मला प्रथम भेटली ती सिंगापूरच्या, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात. मी तिथे मापन विभागात होते आणि ती प्रक्रिया इंजिनीअर म्हणून रुजू झाली होती. पण तिची सुरुवात मात्र लोणावळ्याच्या बाजारात झाली. तिचे वडील चाँदभाई यांचे तिथे चष्म्याचे दुकान होते आणि भिंगाच्या कडा ते स्वतः चाकावर घासत. नऊ-दहा वर्षांची असताना शहनाजने दोन भिंगे एकमेकांवर दाबली आणि तिला मधोमध एकात एक अशी रंगीत कडी दिसली. तेलाचा डाग असेल, पुसून टाक, असे अब्बा म्हणाले. तिने पुसले. कडी गेली नाहीत. तिने साबणाने धुतले, वाळवले, पुन्हा दाबले. कडी तिथेच. डाग नसताना डाग का दिसतो, हा प्रश्न घेऊन ती पुण्याला भौतिकशास्त्र शिकायला गेली, असे ती म्हणते.

चिप ज्या चकतीवर घडवतात ती चकती आरशासारखी गुळगुळीत आणि पापडासारखी पातळ असते. ती एका बैठकीवर ठेवून खालून हवा ओढून घेतात, म्हणजे ती घट्ट बसते. बैठकीवर धुळीचा एक कण जरी राहिला, तरी वरच्या चकतीला टेंगूळ येते आणि त्या जागी चिपची नक्षी धूसर छापली जाते. यावर उपाय म्हणून बैठकीवर हजारो बारीक खांब ठेवत, म्हणजे कण खांबांच्या मधल्या फटीत पडतो. ही युक्ती जुनीच होती. पण त्यामुळे चकतीची कड खाली झुके. शहनाजने दोन वर्षे कडेच्या खांबांची मांडणी बदलून पाहिली. शेवटी कडेला खांब दाट आणि आत विरळ, असा तिचा क्रम बसला. त्याचे पेटंट झाले. त्यावर चार नावे आहेत, तिचे तिसरे. त्या काळात प्रत्येक नव्या बैठकीची पहिली तपासणी माझ्यावर झाली. मी शंभरावर बैठका नापास केल्या आणि ती कधी रागावली नाही. “बरं झालं, इथंच कळलं,” असे ती मराठीत पुटपुटे. तिथे मराठी कळणारे दुसरे कोणी नव्हते.

पुढे लेझरवर चालणारी यंत्रे आली. माझे काम ती क्षणात करू लागली आणि मला कपाटात ठेवले. चार वर्षे मला कोणी उघडले नाही. याच सुमारास शहनाजची आई वारली. चाँदभाई लोणावळ्यात एकटे राहिले आणि मुलीकडे जायला तयार होईनात. “इथल्या निम्म्या गावाचे नंबर मला तोंडपाठ आहेत,” ते म्हणाले, “तिकडे मी कोणाचे डोळे ओळखू?” तेव्हा शहनाजनेच नोकरी सोडली. निघताना तिने कंपनीकडे एकच वस्तू मागितली. एका कागदावर सही करून त्यांनी मला तिच्या स्वाधीन केले.

तिने मला लोकरीच्या मफलरीत गुंडाळून आणले. मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने मफलर उलगडली.

“हे काय मॅडम? भिंग?”

“नाही. साधी काच.”

“साधी काच एवढ्या लांबून? आपल्याकडं काचा मिळत नाहीत का?”

“मिळतात. पण दुसऱ्याची चूक दाखवत नाहीत.”

त्याने मला डोळ्यांसमोर धरले, माझ्यातून शहनाजकडे पाहिले आणि म्हणाला, “मला तरी काही चूक दिसत नाही. जा.”

ही गोष्ट एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची. औंढ्याची ती शेड तिने घेतली, पांढरी रंगवली, खिडक्या बंद करून गाळलेली हवा आत सोडली. चाँदभाई दुकान विकून रोज दुपारी तिथे येऊन बसू लागले. “कालपर्यंत हितं पिसं उडत होती,” ते येणाऱ्याला सांगत, “आता शिंकायचं असलं तर गेटाबाहेर जावं लागतं.”

काचा घासायला शहनाजला पहिला माणूस मिळाला तो औंढ्याचाच. श्रीपतीभाऊंनी चौदा वर्षे लोणावळ्याच्या एका चिक्की कारखान्यात गुळाच्या पाकाच्या कढईवर काम केले होते. काच त्यांनी खिडकीपलीकडे पाहिली नव्हती. त्यांचे हात मात्र शांत होते. शेवटची घासणी डांबरासारख्या काळ्या राळेवर करतात, तिला ‘पिच’ म्हणतात. तिच्यावर ओली गुलाबी पूड टाकून काच तासन् तास गोल फिरवायची. पिच कडक झाली तर काचेला ओरखडे पडतात, मऊ झाली तर काचेचा आकार बिघडतो. लोणावळ्याच्या हवेत पिच सकाळी एक असते आणि दुपारी दुसरीच.

एकदा श्रावणात श्रीपतीभाऊंनी पिचचा तुकडा थंड पाण्यात टाकला, काढला आणि दाताखाली धरला.

“ताई, आज पिच कडक झालीया. दोन थेंब तेल घाला.”

“अहो, थुंका ते आधी! खायची वस्तू आहे का ती?”

“खात न्हाई वो, बगतोय. पाक बी असाच बगत्यात. कट्टदिशी तुटला तर लय म्होरं गेला, दाताला चिकाटला तर कच्चा.”

शहनाजने त्यांना पिच चावायची बंदी केली. पण ते म्हणाले ते तिने सोडून दिले नाही. तिने एका सुईवर ठरावीक वजन ठेवून ती पिचमध्ये एका मिनिटात किती उतरते, हे मोजायचे साधन केले. वजनासाठी चाँदभाईंच्या जुन्या दुकानातले पितळी स्क्रू वापरले. मग तीस दिवस तिने बंदी उठवली आणि वहीत दोन रकाने आखले, एक सुईचा आणि एक दातांचा. अठ्ठावीस दिवस दोन्ही जुळले. दोन दिवस जुळले नाहीत. तेव्हा सगळ्यांनी दातांना दोष दिला. नंतर पाहिले तर त्या दोन दिवशी सुईचे टोक वाकलेले होते. शहनाज खूप हसली आणि त्या साधनाचे नाव तिने ‘श्रीपती-सुई’ ठेवले. आज पुण्यातल्या तीन कार्यशाळा ते वापरतात. त्या वाकड्या सुईपासून एक धडा घेण्यासारखा होता. तो तेव्हा कोणी घेतला नाही. मीही नाही.

पहिल्याच वर्षी खंडेनवमी आली. शेडमधली सगळी यंत्रे धुऊन पुसून झाली, झेंडूची तोरणे लागली. नारळ चाँदभाईंनी फोडला. पॅकिंगचे काम करणाऱ्या शालूबाई कुंकवाची वाटी घेऊन एकेका यंत्राला बोट लावत माझ्यापाशी आल्या.

“शालूमावशी, तिला हात लावायचा नसतो,” शहनाज म्हणाली.

“सगळ्यात थोरली ती, आन् तिलाच बिनकुंकवाची ठिवायची? वर्सातनं एक डाव, ताई. देवाला बी हात लावतोच की आपण.”

शहनाजने चाँदभाईंकडे पाहिले. चाँदभाईंनी मान डोलावली. माझ्या अगदी मधोमध ओल्या कुंकवाचा टिळा लागला. खोटे कशाला सांगू, मला तो मान आवडला. चार वर्षे कपाटात पडून राहिल्यावर कोणाला आवडणार नाही?

दसरा झाल्यावर टिळा पुसायची वेळ आली. तो वाळून घट्ट बसला होता. अमृत नावाचा पोरसवदा कारागीर आता आहे, तेव्हा तो नव्हता. तेव्हा सगळे श्रीपतीभाऊच करत. त्यांनी साधे फडके बाजूला सारले. “खरखरीत नगं. आत्याबाईला माजंच फडकं. ह्याच्यावानी मऊ अक्ख्या तालुक्यात न्हाई.” ते त्यांच्या घासणीच्या बाकावरचे जुने फडके होते, धुतलेले, वाळवलेले, वापरून वापरून गुलाबी झालेले. त्यांनी ते ओले केले आणि अंगठ्याने हळूहळू, गोल गोल, टिळा पूर्ण जाईपर्यंत मला पुसले. पाच मिनिटे लागली असतील. त्यानंतर दर वर्षी कुंकू शालूबाईंनी लावायचे आणि श्रीपतीभाऊंनी पुसायचे, ही रीतच पडली. एकोणीस खंडेनवम्या झाल्या.

या वर्षांत कार्यशाळेचे नाव झाले. इथली काच म्हणजे काटेकोर, असे लोक म्हणू लागले. पाहुणे आले की शहनाज माझी पेटी उघडून दाखवी आणि म्हणे, “आमचा सगळा भरवसा हिच्यावर.” मी ते खरे मानले.

मग गेल्या वर्षी मार्गशीर्षात बंगळुरूच्या एका नव्या ग्राहकाचे पत्र आले. त्यांना चिपच्या यंत्रासाठी गोल काचा हव्या होत्या आणि त्यांची अट आजवरच्या सगळ्या ग्राहकांपेक्षा कडक होती. श्रीपतीभाऊंनी केलेल्या बाराच्या बारा काचा त्यांनी नाकारल्या होत्या. काचा अजून त्यांच्याकडेच होत्या, आला होता तो नुसता अहवाल. त्यात लिहिले होते, ‘मध्यभागी फुगवटा, अर्धी पट्टी.’ पुढची खेप अशीच निघाली तर काम दुसरीकडे देऊ, असेही शेवटी होते.

घासताना काच गरम होते आणि गरम काच मधोमध फुगते. म्हणून ती चार तास माझ्याशेजारी ठेवून थंड झाल्यावरच तपासायची, असा नियम आहे. सगळ्यांच्या मनात एकच आले. बोलला अमृत. तो सहा वर्षांपासून श्रीपतीभाऊंच्या हाताखाली शिकत होता.

“आबा, गरम गरमच तपासली असणार तुमी. भाकरी हाय का ती?”

“चार तास ठिवतो मी. घड्याळ बगून.”

“घड्याळ दिसतंय का पण?”

दोघेतिघे हसले. श्रीपतीभाऊंच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दिवाळीनंतरच झाले होते. चाँदभाई मात्र हसले नाहीत. “त्याचा चष्मा मी तपासलाय,” ते म्हणाले. “नंबर बरोबर आहे.” पण त्यांचे वय आता ब्याऐंशी होते आणि त्यांच्या बोलण्याकडे कोणी फार लक्ष दिले नाही.

तिसऱ्या दिवशी शहनाज श्रीपतीभाऊंच्या बाकापाशी आली. “भाऊ, पुढची खेप अमृत करेल. तुम्ही थोडे दिवस पॅकिंगला बसा.”

“व्हय,” एवढेच ते म्हणाले. त्यांनी आपले फडके धुतले, पिळले, वाळवून घडी केली आणि खणात ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ते शालूबाईंच्या शेजारी बसून काचा कागदात गुंडाळू लागले. माझी पेटी तिथून जवळ होती, त्यामुळे मला त्यांचे बोलणे ऐकू येई.

“शालू, हात गेला आसंल का गं खरंच?”

“हाताला काय धाड झालीया? काल तर गुंडाळल्याला कागद इस्त्री केल्यावानी दिसत हुता.”

“कागुद गुंडाळाया हात लागत न्हाई.”

“मग मी काय एकोणीस वर्सं बिनहाताची बसलीया का हितं?”

ते हसले, पण थोडेच. घरीही कोणाला सांगितले नव्हते म्हणे. सून डबा देताना रोज विचारी, आज किती काचा झाल्या, आणि ते आकडा सांगत.

मी हे सगळे ऐकत होते. त्यांची प्रत्येक काच माझ्यावर आली होती आणि प्रत्येक वेळी पट्ट्या सरळ होत्या. काचेला बोलता येत नाही हे खरे. पण मला बोलण्यासारखे काही वाटलेही नाही. मीही अमृतसारखाच विचार करत होते.

अमृतने सहा काचा केल्या. चारऐवजी सहा तास थंड केल्या. शहनाजने स्वतः दिवा लावून प्रत्येक काच माझ्यावर पाहिली. पट्ट्या दोरी ओढल्यासारख्या सरळ. काचा गेल्या. तीन आठवड्यांनी एक मोठे खोके परत आले. त्यात श्रीपतीभाऊंच्या बारा काचा होत्या आणि अमृतच्या सहा. सोबतच्या कागदावर तेच शब्द होते. मध्यभागी फुगवटा, अर्धी पट्टी.

अमृत खुर्चीत बसला तो उठेना. श्रीपतीभाऊ पॅकिंगच्या टेबलावरून उठून आले. कागद त्यांनी दोनदा वाचला. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, ते खरोखर विचारत होते.

“ताई, माजा रोग अमृतला कसा लागला?”

शहनाजने वर पाहिले. मग तिने खोक्यातून श्रीपतीभाऊंची एक काच काढून माझ्यावर ठेवली. पट्ट्या सरळ. अमृतची ठेवली. सरळ. तिने सगळ्या अठरा ठेवून पाहिल्या. सगळ्या सरळ.

“हात चुकला, तर दर वेळी वेगळा चुकतो,” ती हळू म्हणाली. “दोन माणसांचे हात तर वेगळेच चुकणार. या अठरा काचा एकसारख्या चुकल्यात. म्हणजे चूक करणारा एकच आहे, आणि तो अठराही वेळा इथं हजर होता.”

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. पहिली नजर माझ्याकडे वळली ती चाँदभाईंची.

शहनाजने मला बाजूला ठेवले. परत आलेल्यांपैकी दोन काचा घेऊन तिने त्या एकमेकींवर ठेवल्या आणि दिवा लावला. पट्ट्या कमानीसारख्या वाकल्या होत्या, एक अख्खी पट्टी.

“अर्धी हिची, अर्धी तिची,” अमृत पुटपुटला. “दोन्ही फुगीर हायती. आन् फुगीर काच आत्याबाईवर सपाट दिसती...”

“म्हंजी आत्याबाईच्याच पोटात खड्डा,” शालूबाई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या दोन बहिणी आठवल्या. आपण सपाट आहोत हे आमच्यापैकी एकीलाही एकटीने कधी कळले नव्हते. हे मला माहीत होते आणि मी विसरले होते. काच झिजते तेव्हा तिला दुखत नाही. म्हणून मला कळले नाही, असे मी म्हणू शकते. पण ज्या गोष्टीसाठी मी इतरांना नापास करत आले, तीच माझ्यात होती आणि तिच्यापायी एका माणसाला बाकावरून उठावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

खड्डा पडला कसा, हे शहनाजला हवे होते. खड्डा मधोमध होता आणि रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. चाँदभाई बराच वेळ अंगठा हवेत गोल फिरवत बसले होते. “टिळा कुठं लागतो?” त्यांनी विचारले.

शहनाज बाहेरून धार्मिक किंवा अधार्मिक कशीही दिसो, आतून ती प्रयोग करणारी आहे. एकमेकींवर ठेवल्यावर पट्ट्या सरळ दिसतील अशा दोन सुट्या काचा तिने घेतल्या. एकीला कुंकू लावून कोऱ्या कापडाने एकोणीस वेळा पुसले. काही झाले नाही. दुसरीला कुंकू लावून श्रीपतीभाऊंच्या फडक्याने एकोणीस वेळा पुसायला लावले, त्यांच्याच अंगठ्याने. मग दोन्ही एकमेकींवर ठेवल्या. पट्ट्या मधोमध वाकल्या. कुंकवाचा काही दोष नव्हता. फडके कितीही धुतले तरी त्याच्या धाग्यांत घासणीची गुलाबी पूड राहिली होती. कुंकवाच्या रंगापुढे ती कोणाला दिसली नव्हती.

श्रीपतीभाऊंनी फडके खाली ठेवले. “म्हंजी मीच की. एकोणीस वर्सं मीच खड्डा पाडला.”

चाँदभाई हसू लागले. इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. “अरे श्रीपती, वर्षातून एकदा, पाच मिनिटं, तेही सणाच्या गडबडीत. आणि पट्ट्या बघ जरा. कमान अगदी गोल आहे, कुठं वाकडी नाही. याचा हात गेला म्हणत होते!”

अमृतने दिव्याखाली वाकून पाहिले. मग आपला चष्मा काढून चाँदभाईंच्या पुढ्यात ठेवला. “चाचा, माजा नंबर तपासा. मलाच दिसत न्हाई असं वाटतंय.”

शहनाज मात्र हसली नाही. “भाऊ, मी तुमचे दात तपासले होते,” ती म्हणाली. “महिनाभर, वही घेऊन. सुई वाकडी निघाली तेव्हाही मला अक्कल आली नाही. हिला मी एकदाही तपासलं नाही. माझं चुकलं.” तिने बंगळुरूला पत्र लिहिले, चूक आमच्या मापाची होती, कारागिरांची नव्हती, आणि ती कशी झाली तेही लिहिले. गेल्या काही वर्षांत ज्यांना काचा दिल्या होत्या त्या सगळ्यांनाही कळवले. काहींनी उत्तर दिले, काहींना फरक पडत नव्हता. बंगळुरूकरांनी एकच खेप आणखी पाहू, असे कळवले.

मग तिने मला उचलून श्रीपतीभाऊंच्या बाकावर ठेवले. “आत्याबाईला तुम्हीच सपाट करा.”

“न्हाई ताई. अमृतला सांगा. मी न्हाई हात लावत आता.”

“खड्डा तुम्हाला माहीत आहे. बाकी सगळं तेवढंच खाली आणायचं आहे. दुसऱ्या कोणाला जमणार नाही.”

त्यांनी मला उचलून दोन्ही बाजूंनी पाहिले. मग त्यांनी खण उघडला, जुने फडके काढून शालूबाईंच्या हातात दिले आणि नवे मागितले. पिच तापवली. तिचा तुकडा थंड पाण्यात टाकला, इकडेतिकडे पाहिले आणि दाताखाली धरला. शहनाजने ते पाहिले आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पाच आठवडे मी पिचवर पालथी होते. रोज थोडी घासणी, मग दीर्घ विसावा. त्यांनी माझ्याबरोबर दोन नव्या काचाही घडवल्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी, अशी आमची गाठ पडत राहिली. चैत्रात एका दुपारी तिन्ही जोड्यांच्या पट्ट्या सरळ आल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. श्रीपतीभाऊंनी चष्मा पुसला आणि आपल्या बाकावर पुढच्या खेपेची पहिली काच घेतली. त्या संध्याकाळी सुनेला आकडा सांगताना त्यांना कसे वाटले असेल, ते मला माहीत नाही. ती बंगळुरूची खेप परत आली नाही.

आता माझ्या पेटीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तारीख असते आणि त्या दिवशी आम्ही तिघी एकमेकींशी किती जुळलो ते लिहिलेले असते. दर सहा महिन्यांनी तो बदलतो. यंदाच्या खंडेनवमीला शालूबाई वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी कुंकू पेटीच्या झाकणाला लावले. “आत्याबाई, रुसू नगं,” त्या म्हणाल्या. मी रुसले नाही.

मित्रांनो, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. एकोणीस वर्षे मला फार मायेने जपले, आणि त्या मायेनेच मी झिजले. ज्याच्यावर तुमचा सगळ्यात जास्त भरवसा आहे, त्याला अधूनमधून तपासा, एवढेच सांगते. दप्तरातली फूटपट्टी आणखी दोन फूटपट्ट्यांशी ताडून पाहा. आणि एखाद्याचे काम चुकले असे माप सांगू लागले, तर त्या माणसाला उठवण्याआधी मापाला एकदा विचारा. आमच्यासारख्या वस्तूंचा त्यात अपमान होत नाही.

दसऱ्यानंतरच्या सकाळी श्रीपतीभाऊ सवयीने फडके घेऊन माझ्यापाशी आले. हात पुढे गेला आणि थांबला. त्यांनी झाकणावरचा टिळा तेवढा पुसला. मग नुकतीच घासलेली एक काच आणून माझ्याशेजारी ठेवली आणि मोठ्याने म्हणाले, “अमृत, धा वाजून वीस. लिव.”

चार तास. ती अजून कोमट आहे. आम्ही दोघी वाट पाहत आहोत.